हिवाळ्यातली उन्हाळी

आमचं घर भाजीवाल्यांचं. कामरगावकडून जीपनं जरा आत आलं की आमचं गाव लागतं. गावाला लागूनच आमचं ओलिताचं शेत आहे. त्यात पालक, मेथी, वांगी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. शेत बाबा बघतात आणि बाजाराच्या दिवशी माल घेऊन आई बसते. कालची मेथी आजची कशी दिसते आणि चांगल्या जुड्यांच्या खाली काय दडलेलं असतं, हे मी लहानपणापासून पाहत आलेय. त्यामुळे कुणी फार गोड बोललं की मी आधी जुडी उलटी करून बघते. मी शिकवते त्या शाळेतली मुलं म्हणतात, बाईंना कायम डाउट असतो. असतोच.

गावातल्या डॉक्टरांवर तर माझा पहिल्यापासून डाउट. दवाखाना बाजाराच्या कडेलाच, गर्दी भरपूर, पण हा माणूस सुई म्हणून टोचत नाही. ताप आला तर म्हणणार, आराम करा. खोकला झाला तर गरम पाणी. पोट बिघडलं तर मीठ-साखरेचं पाणी. गुडघे दुखले तर वजन कमी करा. हे सगळं मला टीव्हीवर फुकट ऐकायला मिळतं. न टोचणाऱ्या डॉक्टरचं पोट भरतं कशावर, असा मला प्रश्न पडायचा, आणि उत्तर शेजारीच दिसायचं. त्याच्या दवाखान्याला लागून रक्त-लघवी तपासायची लॅब होती आणि दोन्हीच्या मधे एक दार होतं.

मागच्या हिवाळ्यात आईला उन्हाळी लागली. लघवीला जळजळ झाली की आमच्याकडे उन्हाळी लागली म्हणतात, मग बाहेर कितीही थंडी असो. आईनं धने-जिऱ्याचं पाणी करून पाहिलं, खडीसाखर खाऊन पाहिली. जळजळ काही थांबेना, तेव्हा तिला घेऊन मी दवाखान्यात गेले.

डॉक्टर आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडचे, बोलणं आमच्यासारखंच.

"हिवाळ्यात कसली उन्हाळी लागते, काकू?"

"वांग्यानं लागली असंन. वांगं गरम असते."

"वांग्याले काहून बदनाम करता? पाणी पेता का दिवसभर?"

"लागंन तवा पेतो."

"तसं नाही चालत. बाजारात बसता नं? एक मोठी बाटली भरून नेत जा. संध्याकायपर्यंत संपली पाह्यजे."

"संपवतो," आई म्हणाली.

गोळ्या लिहून मिळाल्या, लघवीची तपासणी झाली. सुई नाहीच. बाहेर आल्यावर आई फणकारली, "पाणी प्या सांगायले डॉक्टर कायले लागते? थे तर आपली म्हैसबी सांगंन."

पण बाटली तिनं सुरू केली. रोज सकाळी ती दोन बाटल्या भरायची, एक माझी शाळेची आणि एक तिची निळी. बाजाराच्या दिवशी निळी बाटली तिच्याबरोबर जायची आणि संध्याकाळी रिकामी परत यायची. मी झाकण उघडून उलटी करून बघायची. थेंब पडत नसे.

तरी उन्हाळी परत आली. गोळ्या घेतल्या की बरं वाटायचं आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मग डॉक्टरांनी किडनीची तपासणी करायला लावली. क्रिएटिनिन जरा वर होतं.

"आज घाबरण्यासारखं काही नाही," ते म्हणाले, "पण हे असंच चाललं तं किडनीचं खरं नाही."

आमच्याच गल्लीतली एक बाई डायलिसिससाठी अकोल्याला जाते. ज्या दिवशी जायचं त्या दिवशी तिच्या घरात चूल पेटत नाही, शेतात कुणी जात नाही, आणि परत आल्यावर ती भिंतीला टेकून नुसती बसून राहते. रिपोर्ट हातात घेतला तेव्हा मला आईच्या जागी ती दिसली आणि मी फार घाबरले.

घाबरले की मला संशय जास्त येतो. आधी लॅबवर आला. आईला कारंज्याला नेऊन दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. तिथंही तोच आकडा. रिपोर्ट खरा निघाला याचं मला वाईटच वाटलं, कारण खोटा निघाला असता तर भांडायला तरी कुणी मिळालं असतं. मग संशय विहिरीच्या पाण्यावर गेला, फवारणीचं औषध झिरपत असेल म्हणून. पण तेच पाणी आम्ही सगळे पितो.

डॉक्टरांचा संशय वेगळाच होता. "काकू, गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर गोया घेता का? थ्या दुखण्याच्या गोया रोज खाल्ल्या तं किडनीले महागात पडते."

आईनं देवाची शपथ घेतली. शपथेवर विश्वास ठेवणारी मी नव्हे. ती शेतात गेल्यावर मी तिचा डबा, उशी, गव्हाच्या कोठीची मागची बाजू, सगळं उचकलं. सापडली ती सोनपापडी.

पुढच्या खेपेला डॉक्टर चिडलेच. "तुमी पाणी पेतच नाही, काकू. मले खात्री हाय."

"बाटली संपते," आई म्हणाली. "पोरीले विचारा."

"संपते," मी ठामपणे म्हणाले. "मी स्वतः बघते."

डॉक्टरांनी आळीपाळीनं आमच्याकडे पाहिलं. या मायलेकी मिळून आपल्याला बनवताहेत, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. मला त्या माणसाचा इतका राग आला की वाटेत मी आईला म्हटलं, आपण डॉक्टर बदलू.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी शाळा लवकर सुटली. जीपमधून उतरले आणि आईला घेऊनच घरी जावं म्हणून बाजारात शिरले. ऊन चांगलंच होतं. आई पाठमोरी बसली होती. मी हाक मारणार, एवढ्यात तिनं निळी बाटली काढली. झाकण उघडलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि सांबारावर शिंपडलं. मग पालकावर. मग मेथीवर. बाटली झटकून शेवटचा थेंबसुद्धा जुड्यांवर टाकला, झाकण लावलं आणि बाटली पिशवीत ठेवून दिली.

"आई! हे काय करून राह्यली?"

ती दचकली, पण लगेच सावरली. "सांबार सुकून राह्यला नं."

"थे पाणी तुह्यासाठी होतं!"

"डॉक्टर म्हने बाटली संपली पाह्यजे. संपली."

मी उभीच राहिले. ती खोटं बोललीच नव्हती. इतक्या दिवसांत 'पेलं' असं ती एकदाही म्हणाली नव्हती, 'संपली' एवढंच म्हणाली होती. जुडी उलटी करून बघणारी मी, आणि मी बाटली उलटी करून बघत बसले होते.

"पण काहून नाही पेत तू?"

आईनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पेलं का जाव लागते. जाऊ कुठी? मानसं थ्या गोदामाच्या भिंतीमांगं जातात. बाईनं कुठी जाव?"

शेजारी मिरच्या घेऊन बसलेली म्हातारी आमचं ऐकत होती. ती म्हणाली, "आमी तं बाजाराच्या दिवशी सकायचा चहाबी नाही घेत, बाई."

आईही घेत नाही. बोहनी, म्हणजे पहिली विक्री, होईपर्यंत चहा घ्यायचा नाही असा तिचा काही नेम असेल, असं आम्ही घरात धरून चाललो होतो. बाबा तर कौतुकानं सांगायचे, आमच्या घरची बोहनीचा नेम मोडत नाही म्हणून.

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. जुड्या म्हातारीच्या भरवशावर टाकल्या, आईला उठवलं आणि तशीच दवाखान्यात घुसले. "पाणी प्या, पाणी प्या सांगता. जाव कुठी, थे सांगता का?" असं पेशंटांसमोरच विचारलं आणि सगळं सांगून टाकलं, सांबारापासून बोहनीपर्यंत. आई लाजून पदराआड गेली.

डॉक्टरांनी बाहेर पाहिलं. खिडकीतून समोर पूर्ण बाजार दिसत होता, आणि दर बाजाराला तो त्यांना तसाच दिसत असणार. मग त्यांनी टेबलाचा खण उघडून एक किल्ली काढली.

"दवाखान्याच्या मागं संडास हाय. बाजाराच्या दिवशी किल्ली तुमच्यापाशीच राहू द्या, काकू. त्या मिरचीवाल्या आजीलेबी देत जा. आन लागली का उठायचं, धरून ठेवायची नाही. हेबी पाण्याइतकंच मोठं औषध हाय. मी अर्धंच सांगत होतो."

आईनं किल्ली उलटसुलट करून पाहिली. "याचं बिल तं नाही लावणार नं?"

"नाही लावत."

तिचा विश्वास बसला नाही, पण किल्ली तिनं कमरेच्या बटव्यात टाकली.

परत जागेवर येऊन बसलो. आईला तहान लागली होती, सकाळपासूनची. निळी बाटली रिकामी होती. "तुही दे," ती म्हणाली. मी म्हटलं, थांब, हॉटेलातून आणते. माझ्या आवाजात तिला काय ऐकू आलं कुणास ठाऊक. तिनं माझी पर्स ओढली आणि बाटली बाहेर काढली. सकाळी तिनं गळ्यापर्यंत भरून दिली होती, तशीच गळ्यापर्यंत भरलेली.

"तुह्या शाळेत तं संडास हाय."

"हाय."

"मंग?"

"कुलूप असते. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर. तेथी सगळे सर बसलेले असतात."

"आन तू मांगत नाही."

मी पालकाच्या जुड्या सरळ करायला लागले. डॉक्टरांना सगळ्यांसमोर जाब विचारून मला अजून घटकाही झाली नव्हती.

आई अर्धी बाटली घटाघटा प्याली. तोंड पुसलं आणि उरलेली माझ्या हातात दिली. "पे. उद्या किल्ली मांगजो."

"पेतो घरी जाऊन," मी म्हटलं.

"आत्ता. माह्यासमोर."

समोर गिऱ्हाईक मेथीचा भाव विचारत होतं. तिनं त्याला हातानंच थांबवलं, आणि शेवटचा घोट माझ्या घशाखाली उतरेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मग माझ्या हातातून बाटली घेतली आणि उलटी करून पाहिली.