दोन तोंडांचा कार्बोरेटर

गेल्या वर्षी मुहर्रकचे एक वयस्क बहारिनी गृहस्थ वडिलांची जुनी अमेरिकन गाडी रिकव्हरीच्या ट्रकवर घालून बहारीनमधल्या आमच्या तुबलीच्या गॅरेजात घेऊन आले. त्यांना सगळे हाजी म्हणायचे. आठ सिलिंडरची, लांब बॉनेटची, लाल. सिग्नलवर थांबली की बंद पडायची. एकदा भर रहदारीत नात शेजारी असताना बंद पडली आणि पोरगी रडायला लागली. तेव्हापासून हाजींनी ती चालवलीच नव्हती. दोन गॅरेजवाल्यांनी इंजिनच बदला म्हणून सांगितलं होतं.

आमच्याकडे कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या गाड्यांचा भाग, हाताळलेला मी एकटाच. नांदेडला आयटीआय करून जुन्या जीपगाड्यांवर शिकलो होतो.

बॉनेट उघडलं तर आत चार तोंडांचा भलामोठा कार्बोरेटर, आणि प्लग काजळीने काळे. ही गाडी निघाली त्या काळी गिऱ्हाईक इंजिन निवडून घ्यायचं. मोठ्यावर चार तोंडांचा कार्बोरेटर यायचा, लहानावर दोन तोंडांचा. मी इंजिनवरचा नंबर गाडीच्या नंबरशी ताडून पाहिला. इंजिन मूळचंच होतं, आणि लहान होतं. एवढ्या रुंद तोंडांतून हवा संथ ओढली जायची, पेट्रोल नीट मिसळायचं नाही आणि इंजिन गुदमरायचं. हाजींच्या भावाने तरुणपणी हौसेने तो बसवला होता, हे मला नंतर हाजींकडूनच कळलं.

पण वडिलांनी सगळ्यात मोठं इंजिन घेतलं होतं, असं हाजी येईल त्याला अभिमानाने सांगत. त्यांना खरं सांगायचं कसं? आमचा केरळी फोरमन म्हणाला, तसाच नवीन बसव आणि गप्प राहा. दोन दिवस मी टाळलं. पण गाडी पुन्हा बंद पडणार हे मला दिसत होतं.

शेवटी म्हणालो, "हाजी, तुमच्या वडिलांनी लहान इंजिनच घेतलं होतं. हा कार्बोरेटर त्याचा नाही."

ते गाडी तिथेच सोडून निघून गेले. गिऱ्हाईक गेलं, असंच मी धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी हाजी एक खोकं घेऊन आले. आत चादरीत गुंडाळलेला दोन तोंडांचा जुना कार्बोरेटर आणि त्याला इंजिनशी जोडणारा मॅनिफोल्ड. जुन्या घराच्या माळ्यावर सापडला म्हणाले. आईला वेगाची भीती वाटायची, तिच्यासाठीच वडिलांनी लहान इंजिन घेतलं असेल, असंही म्हणाले. मग हळू आवाजात बोलले, "बरं झालं सांगितलंस. मला वाटायचं, बाबांची गाडी मीच बिघडवली."

साफसफाई, नवीन गॅस्केट, टायमिंग यात चार दिवस गेले. मग हाजी चालवायला बसले, मी शेजारी. हिद्द गावापर्यंत गेलो. पहिल्या सिग्नलला माझा पाय ॲक्सिलरेटरवर असल्यासारखा नकळत खाली दाबला गेला. इंजिन संथ फिरत राहिलं. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला हाजींनी खिडकीची काच खाली केली आणि कोपर बाहेर टेकवलं.

येताना त्यांनी इंजिन चालू ठेवूनच रस्त्याकडेला दाट दुधाचे दोन करक चहा मागवले. गाडीतच बसून प्यालो.