खालून वाचणारे सातपुते

सातपुते काहीही वाचायचे ते खालून वर. हॉटेलात मेन्यूकार्ड हातात आलं की आधी शेवटचं पान, त्यातही शेवटची ओळ. पेपर तसाच, औषधाच्या बाटलीबरोबर येणारा कागदही तसाच. कॅनडात, रिचमंड हिलमधलं आमचं बेसमेंट भाड्यानं बघायला ते आले, तेव्हा मी घराचे नियम छापून त्यांच्या हातात दिले होते. त्यांनी शेवटचा नियम आधी वाचला आणि मान वर करून विचारलं, "ताई, आग लागली तर हितनं बाहेर पडायला दुसरी वाट कुठली?"

मी उडालेच. आजवरच्या भाडेकरूंनी लाँड्री कधी आणि गाडी कुठे लावायची, एवढंच विचारलेलं. "काहून हो, आग लावायचा विचार आहे का?" मी म्हटलं. आम्ही नागपूरचे, तोंडाला येईल ते बोलून मोकळे. ते हसले नाहीत. खिडकीपाशी गेले, ती उघडली, खांदे बाहेर काढून बघितले आणि म्हणाले, "मी बसतोय यातनं. वैशाली पण बसंल. पोरगीचा तर प्रश्नच न्हाई." तेवढ्यावर त्यांनी बेसमेंट घेतलं.

कोल्हापूरचा माणूस, चाळिशीतला, अंगानं काडी. शेजारच्या वॉनमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा. बायको वैशाली एका डेकेअरमध्ये लहान पोरं सांभाळायची, आणि मुलगी ऋजुता आमच्या कोपऱ्यावरच्या शाळेत. तिघंही तात्पुरत्या परमिटवर होती आणि पीआरची, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवानगीची, वाट बघत होती. अर्ज सातपुत्यांच्या नावाचा, वैशाली आणि ऋजुता त्याला जोडलेल्या. इथे निम्म्या मराठी घरांत हीच कथा असते, त्यामुळे मी फार विचारलं नाही.

पहिल्याच रविवारी सकाळी मी चहा ठेवत होते, तर खालून पुरुषाचा आवाज. मराठी नाही, इंग्रजी नाही. मधेच एक आरोळी, मग हुंदका दिल्यासारखं काहीतरी. मला वाटलं, भांडण लागलं. धावत खाली गेले तर हा माणूस लॅपटॉपपुढे उकिडवा बसलेला, आणि पडद्यावर धुळीच्या मैदानात दोन संघ फुटबॉल खेळतायत. बघायला माणसं किती, तर आमच्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त जमतात. "बाप्पा! हे कोण हो?" मी विचारलं. ती स्पेनमधली लीग निघाली. जगाला माहीत असलेली नव्हे. तिच्याखाली पायऱ्या उतरत उतरत गेलं की तळाशी लागते ती. गवंडी, मास्तर, पोस्टमन असले लोक रविवारी खेळतात. तिच्या एका विभागाची सगळी आकडेवारी आणि सगळा इतिहास सातपुते एका वेबसाइटवर लिहायचे. एक पैसा मिळत नव्हता. स्पॅनिशसुद्धा ते गावोगावच्या जुन्या वर्तमानपत्रांतले मॅचचे वृत्तांत वाचून शिकले होते.

"अहो पण स्पेनच का? आणि त्यातही तळच का?" मी एकदा पुडाची वडी घेऊन खाली गेले होते, तेव्हा विचारलंच.

"वरच्यांचं सगळं जग लिवतंय की ताई. आमच्या कोल्लापुरात पेठेच्या मॅचला अख्खं गाव लोटतं. मी बी टीममध्ये बॅक खेळायचो. बी टीमचं कुणी कधी लिवून ठेवलं न्हाई. आज सांगितलं तर लोक म्हणतात, तू कधी खेळलास?" मग वडी तोंडात टाकून म्हणाले, "नाद खुळा झालीय वडी."

त्यांच्या त्या लीगचे नियम मी ऐकले आणि माझ्या अंगावर काटा आला. आपला संघ शेवटच्या सामन्यात वाचला, पोरं नाचली, घरी गेली, तरी खरं नसतं म्हणे. वरच्या पायरीवरून आपल्याच विभागातले किती संघ खाली कोसळतात, त्यावर खालचे आणखी किती ढकलायचे ते ठरतं. म्हणजे दुसऱ्याच्या पडण्यानं आपण पडायचं, तेही आपला हंगाम संपल्यावर. "म्हणून टेबल खालनं वाचायचं," सातपुते सांगायचे. "वर कोण हाय ते बघून काय करायचंय? खाली कोण धापा टाकतंय ते बघायचं."

दुसरा नियम याहून वाईट. हंगाम अर्धा व्हायच्या आत एखादा क्लब बंद पडला, तर त्याचे झालेले सगळे सामने रद्द. गोल रद्द, गुण रद्द, जणू तो संघ मैदानात उतरलाच नव्हता. अर्धा टप्पा ओलांडून बंद पडला तर निदान खेळलेलं तेवढं राहतं. असला एक मेलेला क्लब सातपुत्यांनी शोधून काढला होता. त्या संघाच्या सेंटर फॉरवर्डनं खोऱ्यानं गोल ओढले होते आणि अधिकृत नोंदीत त्याच्या नावापुढे शून्य होतं. सातपुत्यांनी कित्येक महिने जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून एकेक गोल गोळा केला. तो खेळाडू आता म्हातारा झालेला, पण अजून हयात होता. त्याच्या मुलीनं व्हिडिओ कॉल लावून दिला, तेव्हा वैशालीनं मलाही खाली बोलावलं. सातपुत्यांनी आकडा सांगितला. म्हाताऱ्यानं बोटं मोजली, डोळे पुसले आणि मान हलवली. त्यातला एक गोल माझा नव्हे म्हणाला, आमच्या डाव्या विंगरचा आहे, पेपरवाल्यानं चूक केली.

सातपुते दोन दिवस हवेत होते. जो भेटेल त्याला सांगायचे, "माणूस बघा! जन्मभर शून्य होतं नावावर, आता एक गोल फुकटात मिळत होता, तो पण परत केला की!" आणि लगेच तो गोल विंगरच्या नावावर चढवला. त्यांचा कायदाच होता. झालेलं खोडायचं नाही आणि न झालेलं लिहायचं नाही. वैशालीला हे इतकं पाठ झालं होतं, की ऋजुता होमवर्क केलं म्हणून थाप मारायला लागली की ती तेच ऐकवायची.

एकदा मागच्या अंगणात बसून त्यांनी मला क्लब मरायला लागल्याच्या खुणा सांगितल्या. ऋतू उन्हाळ्याचा, हातात कणीस, आणि विषय हा. आधी सरावाला दिवे उशिरा लागतात. मग बाहेरगावच्या सामन्याला बस येत नाही, पोरं आपापल्या गाडीनं जातात. मग एका रविवारी राखीव खेळाडूंच्या बाकावर कुणीच नसतं. "ही खूण दिसली की समजायचं, ताई. मग फार दिवस न्हाईत." मी म्हटलं, "अभद्र बोलणं पुरे करा आणि कणीस खा." त्यांनी अर्धं खाल्लं आणि ठेवून दिलं. अलीकडे सगळंच अर्धं ठेवत होते.

पहिला मोठा बर्फ पडला त्या सकाळी ते ड्राइव्हवे शोव्हल करायला आले. चार फावडी मारली आणि दांड्यावर हनुवटी टेकवून उभे राहिले. मी दारातून ओरडले, "राहू द्या, आमचे हे करतील!" ते पायऱ्यांपर्यंत आले आणि हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "ताई, पोटात गाठ निघाली. पसरलीय."

मी तशीच चपलांवर बर्फात उतरले. "डॉक्टर काय म्हणाले?"

"रिपोर्ट मी खालनंच वाचला. तिथं काय बरं लिवलेलं नव्हतं." मग आवाज उतरवून म्हणाले, "मला बरं व्हायचं न्हाई आता, ते कळलंय. मला फक्त पीआर येईस्तोवर टिकायचंय. त्याआधी मी गेलो तर अर्जच संपला. वैशालीचं परमिट माझ्यावर, पोरगीचं माझ्यावर. ह्या दोघींनी हितं काढलेली सगळी वर्षं रद्द. त्या क्लबावाणी."

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळ्यांचे कान एका ईमेलकडे लागले. वैशाली डेकेअरमध्ये डायपर बदलता बदलता फोन बघायची. मी देवापुढे निरांजन लावताना देव सोडून इमिग्रेशनवाल्यांनाच हात जोडायचे. आणि हा महाभाग! यानं आपल्या आजाराचं त्या लोकांना स्वतःहून कळवून टाकलं. अर्जासाठीचं मेडिकल आधीच होऊन गेलं होतं, कुणी विचारलंही नव्हतं. मी कपाळ बडवून घेतलं. "अहो, अक्कल गहाण टाकली का? कशाला सांगितलं?" तर म्हणे, "तब्येत ठीक अशी नोंद हाय तिथं, ताई. ती आता खोटी झालीया." इतका राग मला माझ्या नवऱ्याचाही कधी आला नाही. कळवल्याची पोच आली, प्रक्रिया चालू आहे म्हणून, आणि पुढे काही नाही.

मग मला खुणा दिसायला लागल्या. दिसू नयेत म्हणून मी मान फिरवायचे, पण दिसायच्याच. आधी खालचा दिवा सकाळी उशिरा लागायला लागला. मग ते गाडी चालवेनासे झाले, उपचारांना मी नाहीतर आमचे हे न्यायचे. गाडीत ते खिडकीला डोकं टेकवून बसायचे आणि प्रत्येक सिग्नलला विचारायचे, "मेल?" मी म्हणायचे, "येईल हो." एका रविवारी सकाळी मी चहा ठेवला आणि खालून काहीच ऐकू आलं नाही. मी गॅस बंद करून तशीच उभी राहिले. खाली गेले तर सामना चालू होता, आवाज बंद करून. सातपुते उशीला टेकून बघत होते. "ओरडायला दम लागतोय," म्हणाले, "पण बघा, आपली पोरं वाचत्यात यंदा." वैशाली भिंतीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

ते गुरुवारी गेले, हॉस्पिटलमध्ये, दुपारी. वैशाली जवळ होती, ऋजुता शाळेत होती. मेल आलेला नव्हता.

तो शनिवारी आला.

वैशालीनं फोन माझ्यापुढे धरला. मेल असा होता: अर्ज मंजुरीच्या शेवटच्या टप्प्यात आला आहे, तुम्ही तिघंही आज कॅनडात आहात का, एवढंच कळवा आणि फोटो जोडा. तिघांची नावं, सातपुत्यांचं पहिलं. फोटो काढलेले तयार होते. एक 'हो' म्हणायचं बाकी होतं.

"कर हो," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता कर."

"ताई, ते गेलेत."

"आहेत की कॅनडात! फ्युनरल होममध्ये आहेत, सोमवारी न्यायचंय. कॅनडात आहेत का एवढंच विचारलंय ना? खोटं काय आहे यात?" मी बोलत सुटले. "पोरीचा विचार कर. त्यांनी ह्याच एका मेलसाठी जीव धरून ठेवला होता. दोन दिवसांसाठी जाऊ देणार का सगळं? कोण बघायला येतंय?"

तिनं फोन जवळ ओढला आणि म्हणाली, "त्या म्हाताऱ्यानं गोल परत केला तेव्हा हे दोन दिवस नाचत होते, ताई. मी बघितलंय." आणि तिनं माझ्यासमोर उत्तर लिहिलं. आम्ही दोघी कॅनडात आहोत. माझे पती गुरुवारी वारले.

अर्ज बंद झाला. उत्तर सभ्य भाषेत आलं, सांत्वनाचं एक वाक्यही होतं. एका वकिलानं इथे राहायची आणखी एक वाट सांगितली, लांबची आणि बेभरवशाची, पण वैशालीत तेवढा जीव उरला नव्हता. मी तिच्याशी चार दिवस नीट बोलले नाही. मी आजही म्हणते, तिनं 'हो' लिहायला हवं होतं. सातपुते माझ्यासमोर उभे राहिले तरी मी त्यांना तोंडावर सांगेन की तुमच्या कायद्यानं तुमच्याच लेकीचं घर गेलं. आणि ते काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे, म्हणून जास्तच चिडते.

शाळेचं वर्ष संपल्यावर त्या दोघी निघाल्या. विमानतळावर वैशाली बॅगांच्या रांगेत होती आणि ऋजुता माझ्याजवळ बाकावर. शाळेत शेवटच्या दिवशी तिच्या लॉकरवरचं नाव काढून तिच्या हातात दिलं होतं, ती पट्टी तिनं जॅकेटला चिकटवली होती. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमचा नेहमीचा रिवाज. त्या दिवशी मी काही विचारलं नव्हतं. तीच एकदम म्हणाली, "मावशी, आय डिड थर्ड ग्रेड हिअर, राइट? दॅट काउंट्स, राइट?"

"काउंट्स ना गं बाई," मी म्हटलं. "मी होते ना इथे. मी रोज खिडकीतून बघत होते तुला शाळेत जाताना."

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं, मी खरं बोलतेय की नाही ते तपासावं तसं. मग वैशालीनं हाक मारली आणि ती उठून गेली.