आधी नातेवाईक बाहेर

दुसऱ्यांदाही ती नापास झाली तेव्हा मी पुण्यातल्या परीक्षा केंद्राच्या जिन्यावर भाकरीचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. ती बाहेर आली, निकालाचा कागद माझ्या डब्यावर ठेवला आणि चपला घालता घालता म्हणाली, "मावशी, पेपर काढणाऱ्यानं जन्मात दवाखाना पाह्यलेला न्हाई." एवढंच. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात कंप नाही. नापास झालेल्या माणसाला स्वतःची लाज वाटते. हिला पेपर काढणाऱ्याची कीव आली होती. आमच्या जालना जिल्ह्यात शहाणी माणसं पुष्कळ आहेत आणि हट्टी त्याहून जास्त, पण स्वतःच्या शहाणपणामुळे नापास होणारी मी एकच पाहिली, आणि ती नेमकी माझ्याच घरात भाड्याने राहत होती.

मंठ्याला माझं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत ती सात वर्षं राहिली. गल्लीच्या तोंडाशी एक लहान दवाखाना आहे, तिथे ती नर्स होती. तिला नाव आहे, पण ते कुणी वापरत नाही. गाव तिला सिस्टर म्हणतं, मीही सिस्टरच म्हणते, आणि केदारखेड्याहून तिचा सख्खा बाप फोन करतो तेव्हा तोही "सिस्टर हाय का?" असंच विचारतो. आखाती देशातल्या एका मोठ्या दवाखान्याने तिला घ्यायचं कबूल केलं होतं. पण तिथे काम करायचं लायसन हवं असेल तर कॉम्प्युटरवर एक परीक्षा पास व्हावी लागते आणि ती तीनदाच देता येते. पहिली गेली होती, त्या दिवशी दुसरी गेली. उरली एक. तीही गेली की ते दार कायमचं बंद.

तिला तिकडे कशाला जायचं आहे, हे मी एकदा विचारलं होतं. मला वाटलं, विमान, सोनं, असं काही म्हणेल. ती म्हणाली, "मावशी, मला एकदा नुस्ती नर्स व्हायचंय." इथे ती नर्स होती, केसपेपर लिहिणारी होती, झाडूवाली आली नाही की झाडूवाली होती, लाईट गेली की जनरेटर चालू करणारी होती, आणि डॉक्टर परगावी राहत असल्यामुळे ते अकरा वाजता येईपर्यंत निम्मी डॉक्टरही होती. बारा वर्षं हे चाललेलं. त्यामुळे नुसती नर्स व्हायची तिची इच्छा मला पटली होती. म्हणून तर मी या वयात एस.टी.ने पुण्यापर्यंत हाडं खिळखिळी करून घेतली. पण इच्छा पटणं वेगळं आणि त्या माणसाबरोबर एका घरात राहणं वेगळं.

तिची पहिली खोड म्हणजे ती माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघते. समोर कुणीही येवो, तिची नजर मनगटाच्या शिरांवर. लग्नात सगळ्या बाया नवरीचे दागिने बघत होत्या तेव्हा ही माझ्या कानात म्हणाली, "काय नस हाय मावशी, एका टोच्यात सलाईन लागंल." एस.टी.च्या कंडक्टरने तिकीट द्यायला हात पुढे केला, तर हिने तिकीट राहू दिलं आणि त्याची नाडी धरली. तो बिचारा सुटे पैसे मागतच राहिला. तिला बघायला एक मुलगा आला होता, शाळेवर मास्तर, चांगल्या घरचा. पोहे झाले, चहा झाला, मोठी माणसं म्हणाली, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या. हिने विचारलं, "डोळ्याची खालची पापणी जरा खाली वढून दाखवता का?" त्याने दाखवली. ही म्हणाली, "रगत कमी हाय तुमच्यात. आधी तपासून घ्या, मंग लग्नाचं बघा." त्याने तपासून घेतलं म्हणतात, कारण पुढे त्याचं दुसरीकडे लग्न झालं आणि तो लालबुंद झाला.

दुसरी खोड, हात धुणं. परीक्षेच्या पुस्तकात हात धुण्याच्या पायऱ्या दिलेल्या होत्या. तळवा, पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, मनगट. ती त्या चुलीपाशी येऊन मोठ्याने म्हणत धुवायची आणि एक पायरी चुकली की पहिल्यापासून सुरू. आमच्याकडे नळाला पाणी कधी येतं ते नळालाच माहीत. माझी टाकी तिच्या मनगटांवरून वाहून गेली. मी म्हणायचे, "सिस्टर, सगळ्या अंगाला मला एक बादली पुरती, तुझ्या दोन हातांला तीन?" ती म्हणायची, "जंतू बादली मोजत न्हाईत, मावशी."

तिसरी खोड मला फार महागात पडली. औषधांची इंग्रजी नावं पाठ व्हावीत म्हणून तिने चिठ्ठ्या लिहिल्या आणि माझ्या स्वयंपाकाच्या सगळ्या डब्यांवर चिकटवल्या. मी मराठी चौथी शिकलेली बाई. मला काय कळणार की मिठाच्या डब्यावर झटक्याची गोळी आहे आणि साखरेच्या डब्यावर हृदयाचं औषध? मी डबा उघडून वास घेऊन स्वयंपाक करायला शिकले. शेजारीण एकदा वाटीभर डाळ मागायला आली आणि डबे बघून हात न लावता परत गेली.

आणि सगळ्यांत वर म्हणजे तिचे ते प्रश्न. सकाळी उठल्यापासून ती मला रोगी करायची. मी भाकरी थापतेय आणि ही पुस्तक घेऊन उंबऱ्यात. "मावशी, तुम्ही खाली पडलात. नर्स पहिलं काय करंल? एक, श्वास बघंल. दोन, मदतीला हाक मारंल. तीन, डॉक्टरला कळवंल. चार, कागदावर नोंद करंल." मी म्हणायचे, श्वास बघेल. ती मान हलवायची. "मावशी, यात नातेवाईक कुठं हायत?"

तिच्या नापास होण्याचं सगळं गुपित इथे होतं. आमच्याकडे रोगी एकटा येत नाही. एकाला विंचू चावला की टेम्पोभर माणसं येतात. एक पदराने वारा घालते, एक तोंडात पाणी ओतते, एक फोनवर फोटो काढतो, दोघं खाटेवर रोग्याच्या पायाशी बसतात आणि म्हातारी उशाशी बसून रडते. रोग्याचं तोंड दिसायलासुद्धा आधी ही गर्दी हटवावी लागते. म्हणून सिस्टरचा पहिला नियम, आधी नातेवाईक बाहेर. बारा वर्षांत तिने या नियमावर किती जीव वाचवले, ते तिलाही माहीत नाही. पण हे उत्तर चारांत कधीच नसायचं. मग ती परीक्षेत कॉम्प्युटरसमोर बसून ते शोधत राहायची, वेळ जायचा, आणि शेवटी रागाने कुठेही बोट दाबायची. "डॉक्टरला कळवा" या उत्तराला तर ती कधीच हात लावायची नाही. म्हणायची, "कळवून काय करू? ते रस्त्यात असतात."

तर दुसऱ्या नापासीनंतर आम्ही मंठ्याला परत आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पुस्तकं दोरीने बांधून माळ्यावर टाकली. म्हणाली, "मी तिसऱ्यांदा बसत न्हाई. त्यांचे प्रश्न सुधारले की बघू." माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "माझी टाकी आटली, माझे डबे बाटले, बसून बसून माझं कंबरडं मोडलं, आन् आता तू पुस्तकं बांधून राह्यली? मला जेवायचं न्हाई आज." ती दवाखान्यात निघून गेली. मी शुगरची गोळी घेतली आणि रागात खरंच काही खाल्लं नाही. इतकी वर्षं शुगर आहे मला, गोळी घेऊन उपाशी राहू नये हे मला पाठ आहे. पण राग आला की पाठ केलेलं कुठे आठवतं?

दुपारी मी अंगणात तुरी निवडत होते. हात कापायला लागले, घाम फुटला, तुरीचे दाणे कधी लांब, कधी जवळ दिसायला लागले. पुढचं मला सांगितलेलं सांगते. मी शेजारणीला माझ्या मेलेल्या सासूच्या नावाने हाक मारली. तिने आरडाओरडा केला आणि गल्ली गोळा झाली. एकीने कांदा फोडून माझ्या नाकाला लावला. एकाला वाटलं झटका आलाय, त्याने चप्पल आणायला सांगितली. कुणी म्हणालं जीपमध्ये घाला, कुणी म्हणालं आधी मुलाला फोन लावा. माझा मुलगा पुण्याच्याही पलीकडे असतो. तो येईपर्यंत मी थांबणार होते थोडीच.

सिस्टर दवाखान्यातून पळत आली. दारातूनच म्हणाली, "सगळे बाहेर. कांदा बी बाहेर." माझ्या बोटाला टोचलं, मशीनमध्ये आकडा बघितला, आणि साखर मागितली. शेजारीण आत धावली आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या बघून उभीच राहिली. मग मीठ घेऊन आली. पुन्हा गेली आणि रवा घेऊन आली. शेवटी सिस्टर स्वतः उठली, न बघता हृदयाच्या औषधाचा डबा काढला, पेल्यात साखर कालवली, मला गिळता येतंय ना ते बघितलं आणि घोट घोट पाजली. मग पंधरा मिनिटं माझं मनगट धरून घड्याळाकडे बघत बसली. पुन्हा टोचलं. आकडा वर आला, तेव्हा तिने दुधात भाकरी कुस्करली.

मला शुद्ध नीट आली तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. गल्ली खिडकीत होती. ती खाली मान घालून माझे हात पुसत होती तेही पायऱ्या न म्हणता. मी ते पहिल्यांदाच बघितलं.

मी विचारलं, "डॉक्टरला कळवलं का?"

"कळवलं की. आज उशीर झाल्ता त्यांना, आजून रस्त्यातच, वाटूर फाट्यावर होते."

"मंग पेपरात ते उत्तर कशाला देतेत?"

"ते मी त्यांना कसं इचारू?"

"त्यांच्याकडं डॉक्टर तिथंच असंल. हाक मारली की येत असंल."

तिने पुसायचं थांबवलं. "असं असतं व्हय, मावशी?"

"मला काय माहीत? मी चौथी शिकले. पण तू पेपर तिकडचा घेती आन् उत्तरं मंठ्याची देती. त्यांच्या प्रश्नातला रोगी एकटाच हाय म्हणल्यावर तू त्याचे नातेवाईक कुठून आणायली?"

तिने वाटी पुन्हा हातात घेतली. उरलेली भाकरी मला भरवली, तीही जरा जोरातच. संध्याकाळी माळ्यावरून पुस्तकं खाली आली.

पुढचे दोन महिने तिने वेगळीच तऱ्हा धरली. प्रश्न वाचायच्या आधी डोळे मिटायची आणि स्वतःशी बोलायची. "मोठा दवाखाना हाय. खाटेवर रोगी एकटाच हाय. लाईट गेलेली न्हाई. हातमोज्यांचा डबा भरलेला हाय. डॉक्टर दारात उभे हायत." लहान लेकराला राजाराणीची गोष्ट सांगावी तसं. मग डोळे उघडून बरोबर उत्तर द्यायची. मी चुलीपाशी बसून ते ऐकायचे, आणि तिचा राग यायचा तो यायचाच, पण ऐकता ऐकता भाकरी करपायची.

तिसऱ्या वेळी मी त्याच जिन्यावर, तोच डबा घेऊन बसले. ती बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि आधी अर्धी भाकरी खाल्ली. मग म्हणाली, "मावशी, तुमच्यावर प्रश्न आल्ता."

"माझ्यावर?"

"म्हातारी बाई. शुगरची गोळी घेतली, जेवली न्हाई. घाम, थरथर, बडबड. शुद्धीवर हाय, गिळता येतंय. पहिलं काय?"

"नातेवाईक होते का?"

"न्हाई. एकटीच होती." तिने घास गिळला. "मी साखर दिली."

"आन् डॉक्टर?"

"दुसऱ्या एका प्रश्नात बोलावला. आला असंल." मग तिने कागद माझ्या डब्यावर ठेवला. मला इंग्रजी येत नाही, पण मागचे दोन कागद मी नीट बघितले होते. हा त्यांच्यासारखा नव्हता.

ती तिकडे गेली त्याला आता वर्ष होत आलं. पुढच्या खोलीत पतपेढीतला एक मुलगा राहतो. गुणी आहे, माझ्या मनगटाकडे ढुंकूनही बघत नाही. टाकी भरलेली असते. सिस्टरचा शुक्रवारी फोन येतो. पहिल्याच आठवड्यात तिने बेल दाबली आणि डॉक्टर खरंच धावत आला. साध्या कपड्यांत होता, म्हणून हिने त्याला बाहेर काढलं. हिला वाटलं नातेवाईक. आता ओळखतात तिला. काम फक्त नर्सचं आहे, जनरेटर कुठे असतो ते तिला माहीतसुद्धा नाही. मागच्या शुक्रवारी मात्र म्हणाली, "मावशी, इथं रोग्याच्या उशाशी कुणीच नसतं. खुर्ची रिकामी असती. माझं काम झालं की मीच बसते घडीभर." मी म्हटलं, बसत जा. मग तिने विचारलं, जेवलात का, आणि मी जेवले होते तरी तिने फोनवर दुसऱ्यांदा विचारलं.

चिठ्ठ्या अजून डब्यांवर आहेत. मी काढल्या नाहीत, आता मला त्या वास न घेता कळतात. परीक्षेच्या पेपरात त्या म्हातारीचं पुढे काय झालं ते दिलेलं नसतं, म्हणून इथे लिहून ठेवते. ती वाचली. वय बहात्तर, शिक्षण चौथी, राहणार मंठा.