भिजलेली लोकर

आमच्या नाटक कंपनीचे शिंपीमास्तर शंभर वर्षांपूर्वीचा पुरुषांचा पोहण्याचा पोशाख लोकरीतच विणत, आणि मापापेक्षा चार बोटं आखूड नि तंग. कारण लोकर भिजली की लोंबते. आमचा नायक म्हणजे रुबाब गावभर, अक्कल गुंजभर.

"मास्तर, हे काय बाळाचं झबलं? सैल करा, नाहीतर मालकाला सांगून घरी बसवतो!"

चाळीस वर्षांची नोकरी पणाला लागली, तरी मास्तर हलले नाहीत. त्या दीडशहाण्याने पोशाख बाहेरून सैल करून आणला. पहिल्याच प्रयोगात तो छाती काढून रंगमंचावरच्या हौदातून वर आला आणि पोशाख गुडघ्यांवर उतरला.

दुसऱ्या दिवशी स्वारी गुपचूप मास्तरांपुढे उभी. "नवा विणा. तुमच्याच मापाने."

मास्तरांनी टेप काढली. "आधी आत ओढलेलं पोट सोडा, साहेब."