मालकांचा फेटा

कराडला आमच्या गल्लीत लग्न असलं की फेटे बांधायला शेजारचा एक गडी सगळ्यांआधी हजर. बोलणं कमी. काहीही विचारा, मान तिरकी करून "बघू की" म्हणणार. कामाला होता त्या वर्कशॉपात प्रेस मशीनखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली, तरी तेच. मी म्हणालो, "नुकसानभरपाईचा दावा लाव गड्या. माझ्या ओळखीचा वकील हाय."

"बघू की. मालकांनी दवाखाना केला, अजून कामावर ठेवलंय. वकील मधी आला की बोलणं तुटतं."

मला त्याचा रागच यायचा.

परवा माझ्या पुतणीच्या लग्नात तो आलाच. राहिलेल्या बोटांतून कापडाचा पीळ निसटायचा, मग टोक दातात धरून पुन्हा घ्यायचा. घामाघूम झाला होता, पण फेटा ताठ बसायचा. तेवढ्यात त्याचे मालक आले. त्यांच्या फेट्याला त्यानं सगळ्यांत जास्त वेळ दिला. मालकांनी आरशात बघितलं आणि चारचौघांत हसून म्हणाले, "झ्याक. कुठं काय झालंय हाताला? लोक उगंच दावा, दावा करत्यात."

मालकांच्या डोक्यावरचा फेटा त्यानं एकेक वेढा सोडवत उतरवला, घडी करून बाजूला ठेवला. पुढच्या पाहुण्याला खुर्चीत बसवलं आणि पीळ घालता घालता नेहमीच्याच आवाजात मला म्हणाला, "आवं, तुमचा त्यो वकील कवा भेटतोय?"