अक्काच्या पदराच्या पिना

फोन आला तेव्हा मी दुकानात एका जळालेल्या मोटरीत तार भरत होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. भाचा नितीन एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली..." मी हातातली तार तशीच धरून उभा राहिलो. तेव्हा पहिलं जे मनात आलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मनात आलं, बरं झालं, सुटली. सख्खी बहीण गेल्याची बातमी कानावर आणि भावाच्या मनात हे. धुळ्याहून जळगावला जाताना एसटीत खिडकीशी बसून मी स्वतःला शिव्या घालत होतो. जळगावातल्या पिंप्राळ्याला, तिच्या घरी पोचलो तर अक्काचे सासरे, आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणतो, ओट्यावर बसलेले होते. वय अठ्ठ्याऐंशी. मला हाताला धरून शेजारी बसवलं आणि म्हणाले, "सुटनी रे भाऊ, तुनी बहीन." म्हणजे असं वाटलेला मी एकटाच नव्हतो. मग आम्ही दोघं मोकळेपणानं रडलो.

अक्का, म्हणजे सुमन, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन जळगावला गेली तेव्हा धुण्याची बादली एका हातानं उचलून जिना चढायची. दाजी ट्रकवर ड्रायव्हर, यावलहून केळी भरायची आणि दिल्लीकडे निघायचं, त्यामुळे महिन्यातले वीस दिवस घरात अक्का, आबा आणि लहानगा नितीन. पस्तिशीत तिची बोटं सकाळी आखडायला लागली. मग मनगटं सुजली, मग गुडघे, मग खांदे. संधिवात. हा आजार माणसाला मारत नाही आणि सोडतही नाही. घरी बघायला येणारे मात्र भरपूर. कुणी निर्गुडीचा पाला आणला, कुणी कापराचं तेल, एका मावशींनी तर मधमाशी चावून घ्यायला सांगितलं. या सगळ्यांना चहा करून द्यायची ती अक्काच. आजाऱ्याला बघायला आलेले लोक आजाऱ्याच्या हातचा चहा पिऊन "तशी बरी दिसते" असं म्हणत परत जायचे.

या आजाराची आणखी एक खोडी अशी की तो रोज सारखा नसतो. आज हात वर होत नाही आणि परवा होतो. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती आमच्याकडे धुळ्याला माहेरपणाला आली होती. त्या दिवशी तिचे हात बरे होते, म्हणून हौसेनं खापरावरच्या पुरणपोळ्या करायला बसली. पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि उलट्या खापरावर अलगद सोडायची. अकरा पोळ्या केल्या तिनं, एकही फाटली नाही. माझी बायको कौतुकानं म्हणाली, "वन्सं, आमच्यापेक्षा तुमचेच हात चांगले चालतात." अक्का हसली. दुसऱ्या दिवशी ती जळगावला परत गेली आणि पुढचे चार दिवस तिला पाण्याचा पेला धरता आला नाही. ते चार दिवस आमच्यापैकी कुणी पाहिले नाहीत, अकरा पोळ्या मात्र सगळ्यांनी पाहिल्या. पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात अक्काच्या दुखण्याचा विषय निघाला की त्या पोळ्यांचा दाखला दिला जायचा. देणाऱ्यांत मीही होतो. दुखणं पूर्ण जाणार नाही हे अक्कानं कधीच मान्य केलं होतं. तिला एवढंच हवं होतं की आपल्या माणसांतल्या एकाला तरी ते खरं वाटावं.

आणि हे ती कुणाला सांगणार? फोनवर मी विचारायचो, "अक्का, कसं शे?" की उत्तर ठरलेलं, "बरं शे." आमच्याकडे बाईमाणसानं भावाला काळजी लावायची नसते आणि सासऱ्यासमोर तर तोंडच उघडायचं नसतं. लग्नानंतर सत्तावीस वर्षं अक्का आबांशी थेट बोलली नव्हती. जेवण तयार असलं की ती उंबऱ्याच्या आतून नितीनला म्हणायची, "आबांना सांग, ताट वाढलंय," आणि आबा समोर बसून ते ऐकत असायचे. आबा काही दुष्ट नव्हते. त्यांच्या आईनं तेच केलं होतं आणि बायकोनंही. दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे होतं, कारण दाजी रस्त्यावर. डॉक्टर विचारायचे तिला आणि उत्तर द्यायचो मी. एकदा एका डॉक्टरांनी विचारलं, दुखणं एक ते दहात किती? अक्का विचार करत होती तोवर मी म्हणालो, "चार-पाच धरा." मोटरीचा आवाज ऐकून कुठली गुंडाळी गेली ते सांगणारा मी माणूस, मला वाटलं बहिणीचंही मला कळतं. डॉक्टरांनी चार-पाचाचं औषध दिलं. कित्येक वर्षांनी अक्का यावर म्हणाली, "माले वाटनं, भाऊनी जास्तच सांगं. दहा म्हंजे मरन. मी तर पायी चालीसन उनी व्हती."

पदराचं प्रकरण याच काळातलं. एका उन्हाळ्यात दाजींचा फोन आला, की आबा अक्काच्या हातचं जेवायला तयार नाहीत, शेजारच्या खाणावळीतून डबा आणवतात. कारण काय, तर सून अंगणात आली, समोर आबा आणि त्यांचे दोन पाहुणे बसलेले, आणि हिनं डोक्यावर पदर घेतला नाही. एकदा नाही, तीनदा झालं. आबांना वाटलं, हिचा मुलगा मोठा झाला, सून आता आपल्याला मोजत नाही. दाजी म्हणाले, "तुम्ही तिचे भाऊ, तुम्हीच समजवा." मी गेलो. जळगावचा मे महिना, रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. स्वयंपाकघरात अक्काला समोर बसवून मी तिला म्हाताऱ्या माणसाच्या मानापानावर अर्धा तास व्याख्यान दिलं. ती एवढंच म्हणाली, "हात जड व्हयी जास रे." मी म्हणालो, वय झालं आता आपलं, माझेही होतात. मग ती म्हणाली, "बरं, चुकनं मनं." पुढच्या खेपेला गेलो तेव्हा डोक्यावर पदर व्यवस्थित होता. केसांना चार पिनांनी पक्का लावलेला. मी मनात म्हटलं, चला, आपलं ऐकलं हिनं. त्या पिना कशासाठी, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. आजही ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी जळगावात नव्या आलेल्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली. मी धुळ्याहून निघालो आणि एरंडोलच्या अलीकडे एसटी बंद पडली. फोन करून सांगितलं, पोचत नाही वेळेत. दाजी दिल्लीच्या वाटेवर, नितीन नोकरीला पुण्यात. शेवटी आबांनीच रिक्षा बोलावली. सून मागच्या सीटवर आणि हे ड्रायव्हरच्या शेजारी, मागे न बघता. पुढचं मी पाहिलेलं नाही, पण अक्कानं आणि आबांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचं तंतोतंत जुळलं. डॉक्टरीणबाई विचारतात आणि अक्का मान खाली घालून गप्प. बाजूच्या खुर्चीत आबा. शेवटी आबाच म्हणाले, "ती मनासमोर बोलाव नही. मी भाहेर बठस." बाई म्हणाल्या, "बसा तुम्ही. त्यांनी बोलायची गरज नाही, करून दाखवलं तरी चालेल. ताई, डोक्यावर पदर घेता ना, तसा हात वर न्या." अक्कानं उजवा हात उचलला. तो खांद्याच्या खालीच थांबला. तिनं डाव्या हातानं उजवं कोपर खालून ढकललं, तरी बोटं कानापर्यंत गेली नाहीत. बाईंनी तिच्या डोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग हा पदर कोण लावून देतं?" मग अक्का, आबा बसलेले असताना, आयुष्यात पहिल्यांदा बोलली. "शेजारच्या ताई लावतात. सकाळी सहाला. रात्री त्याच काढतात."

मी तासाभरानं दवाखान्यात पोचलो तेव्हा दोघं बाहेर एकाच बाकावर बसले होते. सासरा आणि सून एका बाकावर, हे मी त्या घराण्यात पाहिलं नव्हतं. अक्काचं डोकं उघडं होतं, केस कपाळावर आलेले, आणि पदराच्या चारही पिना आबांच्या मुठीत होत्या. मी काही विचारायच्या आत आबा म्हणाले, "भाऊ, माले समजनं नही. म्हातारा मानूस शे मी. पन तू तर तिना भाऊ ना... तुले बी समजनं नही?" अक्काच मध्ये पडून म्हणाली, "जाऊ द्या आबा, त्याचं जेवण राह्यलं असेल." ती आबांना उद्देशून बोलली होती, हे मला रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

औषधं बदलली. त्यानं बराच फरक पडला, पण दुखणं मुळापासून गेलं असं काही झालं नाही. खरा फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीनं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आकडा सांगू नका, आज काय करता आलं नाही ते सांगा. आबांनी ते फारच मनावर घेतलं. रोज सकाळी अंघोळ करून आले की उंबऱ्याशी उभे राहून विचारायचे, "बेटा, आज काय काय ऱ्हायनं?" आणि अक्का आतून सांगायची. आज वेणी राहिली. म्हणजे खांदे धरलेत. आज कडी राहिली. म्हणजे बोटं गेली, दाराची कडीसुद्धा सरकत नाही. कडी राहिली की आबा स्वतः चहा ठेवायचे. तो चहा मी प्यायलोय, पाकात चहापत्ती टाकावी तसा. अक्का तो निमूट प्यायची आणि नंतर मला सांगायची, "संधिवातमाईन वाचनी, आते साखर मारी टाकी." पदर तर त्या दिवसापासून गेला तो गेलाच. नात्यातल्या कुणी कुरकुर केली की आबा म्हणायचे, "मीच सांगेल शे," म्हणजे मीच तसं सांगितलंय.

मलाही ती सांगायला लागली. एकदा दुपारी फोन आला, म्हणाली, "भाऊ, आज कडी बी नही, ताट बी नही, माले रडू ई ऱ्हायनं." मी गडबडलो. म्हटलं, निघून येऊ का, दुसरा डॉक्टर बघू का, औषध घेतलं का... ती म्हणाली, "काहीच नको करू. नुसता आयक." मग ती बोलत राहिली आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून ऐकत राहिलो. वीस मिनिटं मी एकही उपाय सांगितला नाही. माझ्यासाठी हे किती अवघड होतं ते माझ्या बायकोला विचारा. शेवटी अक्का म्हणाली, "आते बरं शे." यावेळी ते खरं होतं. तिची शेवटची आठ वर्षं अशी गेली. छातीत कफ भरल्याचं निमित्त झालं आणि तीन दिवसांत ती गेली, त्या तीन दिवसांतही कुठं काय होतंय ते ती सगळ्यांना सांगत होती. आबा म्हणतात, "बोलीसन गई." मला वाटलेल्या त्या 'बरं झालं'ची लाज मला आता फारशी वाटत नाही. ती सुटली याचा आनंद आहेच, पण त्याहून जास्त आनंद या गोष्टीचा आहे की सुटायच्या आधीच ती एकटी राहिली नव्हती.

सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी घरात साठ-सत्तर माणूस. अंगणात मांडव, पुरुषांची पहिली पंगत बसत होती. नितीनची बायको पूजा वरणाची बादली घेऊन आली आणि मध्येच थांबली. तिनं बादली खाली ठेवली, आबांच्या पाटासमोर येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात म्हणाली, "आबा, माझी कंबर धरलीये. उभं राहता येतंय, वाकून वाढता येणार नाही." सासूच्या गंधमुक्तीला, चार गावच्या पाहुण्यांसमोर, नातसून आजेसासऱ्याला कंबर दुखते म्हणून सांगते, हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नव्हतं. आबांनी मान वर केली. "जाय बेटा, पडी ऱ्हाय. वाढाले आम्ही शेतस." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माहेरच्या माणसानं बहिणीच्या सासरी पंगतीत वाढायचं नसतं. त्यानं पाटावर बसायचं आणि आग्रह करून घ्यायचा. मी उठलो, बाह्या वर केल्या आणि बादली उचलली. दाराजवळून जाताना आत नजर गेली. पूजा अक्काच्या पलंगावर कुशीवर झोपली होती, पंखा चालू होता, दार सताड उघडं होतं आणि बायका तिच्या बाजूनं ये-जा करत आपापली कामं करत होत्या. आबांचे धाकटे भाऊ नाना, जिभेचे फटकळ, पंगतीच्या टोकाला बसले होते. त्यांच्यापाशी पोचलो तसं त्यांनी विचारलं, "सून कोठे गई?"

मी म्हणालो, "तिनी कंबर दुखी ऱ्हायनी. पडेल शे."

नानांनी एकदा आबांकडे पाहिलं. आबा जेवत होते. मग नानांनी आपली वाटी पुढे केली. "मंग तू वाढ. तळनं हालाईसन वाढजो, वरवरनं पानी नको."