अक्काच्या वाटणीचा वेळ

शाळेत मला निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. विषय होता 'वेळेचा सदुपयोग'. गेलेला क्षण परत येत नाही, आजचा वेळ म्हणजे उद्याचं बियाणं, असलं बरंच काही मी त्यात ठोकून दिलं होतं. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि मी मान ताठ करून ऐकला. एक गोष्ट मात्र त्यात लिहायची राहिली. तो निबंध लिहायला मला वेळ दिला कुणी? वेळ काय झाडाला लागतो?

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. वडील गिरणीत मागावर होते. अम्मा आणि माझी थोरली बहीण, अक्का, घरी विड्या वळायच्या. आमच्या गल्लीत बहुतेक घरांत हेच चाले. बायका उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसायच्या. भिजवलेलं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, नखानं तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. पोरगी चौथीत गेली की तिच्याही मांडीवर सूप यायचं. शाळा शिकायची तर त्यातून वेळ उरला तर, आणि तो उरायचा नाही. घरातली पहिली पोर म्हणून अक्काच्या मांडीवर तर ते आणखी लवकर आलं. तिची शाळा दुसरीतच सुटली होती.

माझी पाळी आली तेव्हा अक्काच आडवी आली.

"हिला बसवू नको. हिच्या वाटणीच्या मी वळते की."

"तुला काय चार हात हायत व्हय?" अम्मा म्हणाली.

"न्हाईत. पण दोन लई पळतेत."

आणि ते खरंच पळायचे. शेजारणी आपलं काम थांबवून बघत बसायच्या. अक्काचा बेत साधा होता. हात वाढवायचा, काम लवकर उरकायचं आणि दुपारी माझ्याशेजारी बसून राहिलेली अक्षरं शिकायची. पण तिचा हात जसा वाढला तसं अम्मा कारखान्यातून पानही जास्त आणू लागली. अम्माला तरी दोष कसा देऊ? गिरणी आज चालू तर उद्या बंद. अक्कानं वाचवलेला वेळ अक्काच्या हाती कधी आलाच नाही, तो आमच्या पोटात गेला आणि थोडा माझ्या दप्तरात.

वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन येताना कधी तरी ती मला नवी पेठेतून आणायची. दुकानांच्या पाट्यांसमोर उभी राहून एकेक अक्षर लावायची. जोडाक्षर आलं की अडायची आणि माझ्याकडं बघायची. लोकांचे धक्के लागायचे, पण पाटी पुरी झाल्याशिवाय हलायची नाही.

"चेल्ली," ती मला म्हणायची. आमच्या तेलुगूत धाकट्या बहिणीला तसं म्हणतात. "तू मास्तरीण झालीस की मला शिकवायचं. एक आख्खं पुस्तक माझं मला वाचायचं हाय. मदी कुणाला न इचारता."

"कसलं पुस्तक?"

"कसलंबी असू दे."

मी होकार दिला होता. आमच्यात तो करार होता म्हणा ना.

मग अक्काला बघायला आले. आमच्यात तेव्हा मुलीचा चेहरा नंतर, आधी हात बघायचे. चहा झाला आणि मुलाच्या आईनं सूप पुढं सरकवलं. अक्का मान खाली घालून वळू लागली. मी दाराआडून बघत होते आणि मनात म्हणत होते, अगं बाई, जरा हळू. एखादी सुटू दे, दोरा तुटू दे. पण तिला हळू वळताच येईना. सवयच मोडली होती.

"पोरगी सोनं हाय," त्या बाई म्हणाल्या, आणि लग्न ठरलं. वेळ वाचवायला कमावलेला हात तिच्याच मुळावर आला. निघताना तिनं अम्माकडून शब्द घेतला, धाकटीला सुपाला लावायचं नाही. अम्मानं तो पाळला.

मी शिकले, मास्तरीण झाले, वैरागच्या शाळेत लागले. एक खोली घेतली. पुढं विड्यांच्या कारखान्यांत संप झाला आणि पानच मिळेना. रिकामी सून घरात ठेवून काय करायची, म्हणून सासरच्यांनी अक्काला माझ्याकडं धाडून दिलं. लग्नानंतर ती पहिल्यांदाच माझ्याकडं राहायला आली. मला कोण आनंद! मोठ्या अक्षरांचं गोष्टींचं पुस्तक मी आधीच आणून ठेवलं होतं.

संध्याकाळी पुस्तक उघडून बसलो. अक्कानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. नख तंबाखूनं पिवळं पडलेलं. दोन शब्द लावले आणि बोट थांबलं. मला वाटलं, अडली. बघते तर बसल्या जागी तिचा डोळा लागला होता. दुसऱ्या दिवशीही तेच. मी शाळेतून यावं तर ती भर दुपारी भिंतीकडं तोंड करून झोपलेली, आणि झोपेतही अंगठा बोटावर घासत असलेला.

"रागावू नको, चेल्ली," ती म्हणाली. "अक्षरं दिसतेत, पण झोपच लई येती. लग्नापासनं झोप राहिलीय बग. मला नुसतं झोपू दे."

रागावले मी होतेच, पण तिच्यावर नाही. कुणावर रागवावं ते मला आजही धड सांगता येत नाही. मी पुस्तक मिटलं. तिच्या अंगावर चादर घातली आणि ती राहिली तितके दिवस खोलीत पावलं न वाजवता वावरले.

संप मिटला आणि तिचा दीर न्यायला आला. एसटी हलली तशी अक्कानं खिडकीतून तोंड बाहेर काढलं. झोपून झोपून चेहरा जरा भरला होता.

"परत संप झाला की शिकव हं," ती हसत म्हणाली.

गाडी गेल्यावर मी स्टँडच्या बाकड्यावर बसले आणि मोठ्यानं रडले. माझ्या वर्गातल्या दोन पोरी तिथं उभ्या राहून बघत होत्या. बघू देत म्हटलं.